बुरशी इम्युनिटीला गंडवते कशी? शरीर लगेच सूज आणून तिला मारत का नाही?

मारतंच की, पण आधी ओळखायला तर पाहिजे ना! बुरशीच्या पेशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखरेची साखळी असते आणि आपल्या पांढऱ्या पेशींवर ती ओळखणारा डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर, त्याला ते ग्लुकान दिसलं की सायटोकाइन म्हणजे धोक्याचे रासायनिक निरोप सुटतात, न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशी धावत येतात, सूज येते. म्हणून बुरशीची सगळी धडपड ते ग्लुकान झाकायची.

कॅन्डिडा ही बुरशी त्यावर मॅनन नावाच्या साखरेचं पांघरूण घालते. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचं तर मला भारीच वाटतं, त्याचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, दिवसाला शेकड्यांनी आपण नाकाने ओढतो, आणि त्यांच्यावर रॉड-ए प्रोटीनचा जणू रेनकोट, पाणीसुद्धा चिकटत नाही. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की हा थर काढला की तेच बीजाणू इम्युन पेशींना भडकवतात. एका अर्थी बरंच आहे म्हणा, नाहीतर रोज फुफ्फुसं सुजवून बसलो असतो. बीजाणू फुगून रुजायला लागला की रेनकोट फाटतो आणि मग सापडतो.

क्रिप्टोकॉकस ही बुरशी मात्र पक्की बेरकी. भोवती जेलीसारखी जाड कॅप्सूल, पेशंटच्या पाठीतून काढलेलं पाणी इंडिया इंकमध्ये मिसळून मायक्रोस्कोपखाली बघा, काळ्या शाईत पांढरी वलयं दिसतात. मॅक्रोफेजने, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीने, गिळला तरी आत वाढतो, कधी कधी त्याला न मारताच बाहेर निसटतो. एचआयव्ही पेशंटमध्ये मेंदूज्वर होऊनही सूज कमीच असू शकते, आणि एचआयव्हीची औषधं घाईने सुरू केली तर परतलेली इम्युनिटी एकदम उसळते, म्हणून ती ४ ते ६ आठवडे थांबून देतात.