शिकारी कुत्रीमागे लांडगा आला तेव्हा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं आणि आधी एका दमात, मग सावकाश दोनदा वाचलं. ग्राउझच्या, म्हणजे तित्तिरासारख्या रानपक्ष्याच्या, मागावर गेलेली कुत्री अचानक परत येते, तुझ्या पायांत घुसते, आणि तिच्या मागोमाग तीसेक पावलांवर लांडगा येऊन उभा राहतो. तू बंदूक खांद्याला लावलीस, पण चाप ओढला नाहीस. आता रात्री झोप लागत नाही आणि एकच प्रश्न छळतोय: गोळी झाडायला हवी होती का?

नाही. तू केलंस ते बरोबर केलंस. का, ते नीट लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी हात आपोआप योग्य तिकडे जाईल.

तुझ्या दुनळीत साडेसात नंबरची काडतुसं होती. त्यातला एकेक छर्रा जेमतेम 2.4 मिलिमीटरचा, ग्रॅमच्या दहाव्या भागाहून हलका. उडत्या पक्ष्यासाठी तो पुरतो. तीस पावलांवरच्या लांडग्याच्या दाट केसांत आणि कातडीत मात्र तो अडकतो, फार आत जात नाही. जनावर मरत नाही, डोळा गमावतं किंवा चिडतं. शिवाय तेवढ्या अंतरावर छर्रे चांगलेच फाकलेले असतात. तुझी कुत्री एक पाऊल जरी पुढे सरकली असती तर तीही त्यांच्या वाटेत आली असती. अगदी दोन-चार पावलांवरून, छर्रे अजून एकत्र असताना, हीच बंदूक जीव घेऊ शकते. म्हणून ती तुझ्या स्वतःच्या जिवावर बेतेल त्या क्षणासाठी राखून ठेव. जिथे परवाना काढून पक्ष्यांची शिकार करता येते, तिथेही लांडग्याला बहुधा वेगळं संरक्षण असतं. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या राज्यांत माणसाचा जीव वाचवण्यासाठी लांडगा मारलेला कायद्याला चालतो, कुत्रा वाचवण्यासाठी चालत नाही. हा नियम कडू वाटतो हे मला ठाऊक आहे. तरीही तो जंगलात शिरण्याआधी माहीत असायला हवा. त्या घटकेला विचार करायला वेळ मिळत नाही.

लांडगा तुझ्यासाठी आला नव्हता, तिच्यासाठी आला होता. लांडग्यांच्या लेखी कुत्रा म्हणजे हद्दीत घुसलेला परका लांडगाच. त्यांची पिल्लं वसंतात जन्मतात. उन्हाळाभर आणि शरदाच्या सुरुवातीपर्यंत कळप त्यांना एखाद्या ठरावीक जागी ठेवून शिकारीला जातो, आणि त्या जागेजवळ आलेला कुत्रा त्याला खपत नाही. विस्कॉन्सिनमध्ये अस्वलाच्या मागावर सोडलेले हाउंड, म्हणजे वासावरून माग काढणारे शिकारी कुत्रे, लांडग्यांना बळी पडतात ते मुख्यतः याच काळात. ते मालकापासून मैलोनमैल दूर, भुंकत धावतात. तुझी कुत्री पन्नास-साठ पावलांत राहते, हाच त्या हाउंडांत आणि तिच्यात मोठा फरक आणि तीच तुझी ढाल. म्हणून हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत तिला फार लांब सुटू देऊ नकोस. वाटेवर दहा-बारा सेंटिमीटर लांबीचे ताजे ठसे आणि केसांनी भरलेली विष्ठा एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसली, तर तो तुकडा त्या दिवसापुरता सोडून दे. पक्षी दुसरीकडेही मिळतात.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. कुत्र्याला तुझ्याआधी कळतं, फक्त तो काय सांगतोय ते ओळखता आलं पाहिजे. ग्राउझवर पॉइंट धरलेली, म्हणजे जागीच थिजून पक्षी कुठे लपलाय ते दाखवणारी, कुत्री तू पाहिली आहेस. नाक वाऱ्यात, एक पाय उचललेला, शेपटी ताठ, तोंड हलकेच मिटलेलं, सगळं अंग पुढे ओढल्यासारखं. मी एकदा उन्मळून पडलेल्या फरच्या झाडापाशी एक सेटर जातीचा शिकारी कुत्रा असाच उभा पाहिला. पण शेपटी पाठीच्या रेषेखाली होती, वजन मागच्या पायांवर होतं आणि खांद्यांमधले केस ब्रशसारखे उभे राहिले होते. नजर झाडाच्या बुंध्यात खिळलेली, मधूनच एकदा माझ्याकडे, परत बुंध्यात. पक्ष्यावर असताना तो असा माझ्याकडे कधी वळून बघत नसे. मी पुढे गेलो नाही, त्याला मागे बोलावलं. फांद्यांखालून बॉबकॅट, म्हणजे तिकडचं रानमांजर, निघून गेला. तुझ्या कुत्रीचं हे वळून बघणं ओळखायला शीक. ती वळून बघत असेल तर पक्षी उडवायला पुढे सरसावू नकोस.

मग काय करायचं? आधी कुत्री हातात घे, बाकी सगळं नंतर. सुटा कुत्रा अस्वलाला डिवचतो, अस्वल मागे लागलं की सरळ मालकाकडे पळत येतो आणि संकट तुझ्या पायाशी आणून सोडतो. उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांत कुत्र्याचा संबंध वारंवार दिसतो, त्याचं कारण हेच. म्हणून परत बोलावण्याची शिट्टी एकच ठेव आणि ती दुसऱ्या कशासाठीही वाजवू नकोस. घराच्या अंगणात ती पाळली म्हणजे शिकवण पुरी झाली असं समजू नकोस. ससा उठलाय, हरिण पळतंय, अशा वेळी लांब दोरी लावून सराव कर, आणि आली की दर वेळी काहीतरी चांगलं तिच्या तोंडात पडू दे. आल्यावर रागावणारा मालक स्वतःच्या हाताने ही शिट्टी निकामी करतो. जनावर तिच्या अगदी जवळ असेल तर नुसती शिट्टी मारत उभा राहू नकोस. ती पळत सुटली की पाठलाग सुरू होतो. ओरडत, हात वर करून तूच तिच्या दिशेने चालत जा, अंतर तू कमी कर.

फासाचा पट्टा खांद्यावरून आडवा लटकवलेला असावा, खिशात गुंडाळलेला नको. गुडघे थोडे वाकवून, नजर जनावरावर ठेवून तो एका हाताने गळ्यात घालता आला पाहिजे. हे घरी डोळे मिटून करून बघ. कूगरसमोर, म्हणजे प्यूमा या मोठ्या रानमांजरासमोर, तर खाली वाकणं किंवा पाठ फिरवणं अजिबात नको. तो दबा धरणारा प्राणी आहे. अंग मोठं कर, डोळ्याला डोळा भिडव, मोठ्याने बोल, अंगावर आलाच तर हाताला लागेल त्याने मार. लांडग्यासमोरही तसंच ठाम राहायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागे सरकायचं. पळायचं कुणापुढेच नाही. कुत्री पट्ट्यात आल्यावर, सुरक्षित दिशेला, आकाशाकडे एक बार काढायला हरकत नाही. आवाजाने पुष्कळदा काम होतं. दुनळीत मग एकच काडतूस उरतं, हे ध्यानात ठेव.

अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा घे. अलास्कातल्या 1985 ते 2006 मधल्या घटनांच्या अभ्यासात फवारा वापरल्यावर दहापैकी नऊ वेळा अस्वल थांबलं होतं. त्याचा पल्ला सात ते नऊ मीटर, त्यामुळे घाईने लवकर उडवू नकोस, आणि वारा तोंडावर असेल तर तो तुलाच लागेल. छातीवर किंवा कमरेला ठेव, पाठीवरच्या पिशवीत कधीच नको.

गळ्यातली घंटा काढावी का, असं विचारलंयस. काही जण म्हणतात तिने लांडगे ओढले जातात. मी काढणार नाही. घंटेने मला ती कुठे आहे ते कळतं, आणि झोपलेलं अस्वल आधीच उठून निघून जातं. सोबत जीपीएसचा पट्टा असू दे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये लांडग्यांच्या भागातले शिकारी कुत्र्यांना संरक्षक जाकीट घालतात. तुला परवडत असेल तर जरूर घे.

चाव्याबद्दल मात्र गाफील राहू नकोस. लांडगा दात रुतवून झटकतो. वर दोन बारीक भोकं दिसतात आणि आत स्नायू फाटलेले, कातडी मांसापासून सुटलेली असते. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धर. छातीवरच्या जखमेतून हवा जात असेल तर ती प्लास्टिकने झाक. आत रुतलेलं काही उपसू नकोस आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे ने. रेबीजच्या लशीची तारीख त्याला सांग. ती चालत असली, खात असली, तरी ने.

घडलेलं सगळं वन्यजीव खात्याला आजच कळव: जागा, वेळ, लांडगे किती होते, पिल्लं दिसली का. तुझ्यामागून त्या वाटेने कुणी आपला कुत्रा घेऊन जाणार असेल, त्याला ते कळायला हवं. तू स्वतः पुढचे काही आठवडे तिकडे जाऊ नकोस. तोवर तिला रोज अर्धा तास लांब दोरीवर शिट्टीचा सराव दे. ती कितव्या हाकेला येते ते मला लिहून पाठव.

तुझा,
काका