लिनक्स शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आहे, रॅम 8 जीबी. लिनक्स शिकायचंय, पण रोजचं काम अडायला नको. कोणतं लिनक्स घेऊ आणि ते टाकू कसं?

उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती किंवा लिनक्स मिंट, यातलं एक निवडा आणि निदान सहा महिने त्यालाच चिकटून राहा. एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा-अपडेट मिळतात. मिंटची मुख्य आवृत्ती तिच्यावरच बेतलेली असल्याने एकावरचा तोडगा बहुतेक वेळा दुसऱ्यालाही लागू पडतो. दर पंधरवड्याला नवं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा नवा प्रकार, टाकणाऱ्यांचा इन्स्टॉल करण्यात हात बसतो, बाकी फारसं काही येत नाही.

विंडोजला हात न लावता व्हर्च्युअलबॉक्स घ्या, म्हणजे विंडोजच्या आतच दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रोग्राम. त्यात नव्या मशीनला 4 जीबी रॅम, 2 प्रोसेसर, 30 जीबी डिस्क आणि 128 एमबी व्हिडिओ मेमरी द्या. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली तर 30 जीबी लगेच अडत नाहीत, लागेल तशी जागा घेतली जाते. मशीन सुरूच झालं नाही, तर बायोसमधलं (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधलं) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते आधी पाहा. इन्स्टॉल आणि अपडेट आटोपलं की लगेच एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या. पुढे काहीही मोडलं तरी मिनिटाभरात पूर्ववत होता येतं, आणि शिकायचं तर मोडता आलंच पाहिजे.

वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का हे मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये कळत नाही. त्यासाठी 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स, करा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, हे ध्यानात ठेवा. ड्युअल बूटची, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकण्याची, घाई नको. कराल तेव्हा आधी बॅकअप घ्या, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा आणि विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होतच नाही, आणि मग लिनक्सला ते पार्टिशन नुसतं वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही.

प्रश्न : व्हिडिओ पाहून पन्नासेक कमांड वहीत उतरवल्या. आठवड्यात निम्म्या विसरलो. पाठांतराला काही युक्ती आहे का?

पाठांतर नकोच. कमांडची यादी सोडा आणि खरं काम हातात घ्या. उदाहरणार्थ, होम फोल्डरमध्ये सर्वांत जास्त जागा कोण खातंय? टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘डीयू -एसएच * | सॉर्ट -एच’ द्या. पहिला भाग प्रत्येक फोल्डरचा आकार काढतो, मधली उभी रेघ ते उत्तर पुढच्या कमांडकडे सोपवते आणि ‘सॉर्ट’ लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावतो. आता दोन्हीकडचा ‘एच’ काढून पाहा. आकडे आले, पण ते केबी की जीबी ते कळेना. पर्याय कशासाठी असतात ते इथे समजतं. असं रोज एकच काम, वीस मिनिटं पुरे : डाउनलोडमधले फोटो वेगळे काढणं, लॉगमधून (प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींच्या फाइलमधून) ‘ग्रेप’ने एक शब्द शोधणं, असलंच काही.

पुसणारी किंवा हलवणारी कमांड देण्याआधी तोच नमुना ‘एलएस’ला, म्हणजे फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडला, देऊन कोणत्या फाइली पकडल्या जातात ते पाहा. ‘आरएम *.टीएक्सटी’ लिहिताना तारा आणि टिंब यांच्यात चुकून एक जागा सुटली, तर शेल (आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) नुसत्या ताऱ्याचा अर्थ ‘सगळ्या फाइली’ असा घेतो. त्या जातात, आणि ‘.टीएक्सटी’ नावाची फाइल सापडली नाही एवढीच तक्रार पडद्यावर उरते. इथे रिसायकल बिन नाही.

मदतीला ‘मॅन’ ही कमांडची माहितीपुस्तिका आहेच. त्यात तिरपी रेघ देऊन शब्द शोधता येतो आणि ‘क्यू’ दाबलं की बाहेर पडता येतं. ‘मॅन सीडी’ला मात्र उबुंटूवर पान सापडत नाही, कारण फोल्डर बदलणारा ‘सीडी’ हा वेगळा प्रोग्राम नसून शेलचाच भाग आहे. तिथे ‘हेल्प सीडी’ चालतं. नावं पूर्ण टाइप करू नका, टॅब दाबा. टॅबने नाव पूर्ण झालं नाही, तर स्पेलिंग किंवा लहान-मोठं अक्षर चुकलं असण्याचीच शक्यता जास्त.

सराव संपला असं वाटलं, तर ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ हा मोफत खेळ घ्या. प्रत्येक पातळीवर पुढच्या पातळीचा पासवर्ड लपवलेला असतो आणि तो कमांड वापरूनच शोधावा लागतो. उत्तरं नेटवर आहेत. बघू नका.

प्रश्न : ‘परमिशन डिनाइड’ आलं की पुढे ‘सुडो’ लावतो, मग बहुतेक वेळा काम होतं. यात काही वावगं आहे का?

आहे. ‘सुडो’ कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या नावाने चालवतं, म्हणून त्याने बनवलेली फाइल रूटच्या मालकीची होते. होम फोल्डरमधली सेटिंगची फाइल तशी झाली, की दुसऱ्या दिवशी प्रोग्राम ती सेव्ह करू शकत नाही आणि कारण उमगत नाही. ‘एलएस -एल’ देऊन तिसरा रकाना पाहा, मालक तिथे दिसतो. रूट असेल, तर ‘सीएचओन’ (chown) ने फाइल परत आपल्या नावावर करा.

शिवाय दरवेळी ‘सुडो’ चालतंही नाही. स्वतःची स्क्रिप्ट (कमांड लिहून ठेवलेली फाइल) चालवताना नकार आला, तर बहुधा तिला ‘एक्स’ म्हणजे चालवण्याची परवानगी नसते. तशा फाइलला ‘सुडो’ लावलं, तर ती समोर दिसत असूनही ‘कमांड नॉट फाउंड’ असं उत्तर मिळतं. इलाज एवढाच : ‘सीएचमॉड यू+एक्स’ आणि फाइलचं नाव.

फाइलच्या परवानगीचा आकडा ‘777’ देऊन टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने ती फाइल बदलायची मुभा त्या मशीनवरच्या प्रत्येकाला मिळते. एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या प्रोग्रामच्या) खासगी कीच्या फाइलला 777 देऊन पाहा : परवानगी फार मोकळी आहे असं सांगून एसएसएच ती की वापरायलाच नकार देतं. तिथे 600 हवं, म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं आणि इतरांना काहीच नाही. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचा 1, अशी ती बेरीज असते.

प्रश्न : व्हिम यायलाच हवं का?

आत्ता नाही. दोन्ही टर्मिनलमधले मजकूर लिहायचे प्रोग्राम, पण सुरुवातीला ‘नॅनो’ पुरतो. पण चुकून व्हिम उघडलं, तर एस्केप दाबा, मग अपूर्णविराम (:), क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. केलेले बदल न ठेवता बाहेर पडाल.