गाठीत शिरलेल्या पेशी कोणत्या, आणि कुठवर पोचल्या?

तुम्ही विचारलंय की बाबांच्या यकृताच्या बायोप्सीत 'लिम्फोसाइट (शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) भरपूर' असं लिहिलंय, म्हणजे शरीर कॅन्सरशी लढतंय असं समजायचं का. तेवढ्यावरून तसं समजू नका, पण धीरही सोडू नका.

मी फोंड्यात राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड कापायचं-रंगवायचं काम करते. नेहमीच्या रंगात लिम्फोसाइट मोहरीच्या दाण्यासारखा दिसतो, गोल आणि गडद जांभळा. त्यातली मारेकरी टी पेशी कोणती आणि तिला आवरणारी नियंत्रक टी पेशी कोणती, हे नुसत्या ठिपक्यावरून कळत नाही. मारेकरी पेशींवरचं सीडी८ हे प्रथिन ओळखणारा मार्कर लावला की मारेकरी पेशींच्या कडा तपकिरी होतात. मग दिसतं, काही स्लाइडमध्ये त्या कॅन्सरच्या पेशींना थेट भिडलेल्या असतात, तर काहींत गाठीच्या कडेच्या तंतूंतच अडकून पडलेल्या. आत पोचलेल्या असतील तर साधारणपणे ते चांगलं लक्षण. नियंत्रक पेशींचा भरणा असेल तर उलट.

यकृताची गोष्ट जरा वेगळी आहे. आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेने आधी इथे येतं. त्यातून अन्नाचे आणि जंतूंचे अंश सतत येतात. प्रत्येकावर तुटून पडलं तर यकृतच जळेल, म्हणून इथल्या पेशींना सोसायची सवय असते. गाठ त्याचाच फायदा घेते. ती सीसीएल२ सारखे रासायनिक संदेश सोडून रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना बोलावून घेते. आत आल्यावर त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या राखणदार पेशी होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी गाठीचंच काम करू लागतात: नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात, आयएल-१० हा संदेश सोडून टी पेशींना थंड करतात. कुंपणानेच शेत खावं तसं. या कामातलं सगळ्यात जास्त हेच माझ्या मनाला लागतं.

ज्या मारेकरी पेशी आत पोचतात, त्याही सततच्या झुंजीने थकतात. त्यांच्यावरचा पीडी-१ हा ब्रेक दाबलेलाच राहतो. हा ब्रेक शोधणारे तासुकु होन्जो यांना 2018 चं नोबेल जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. अटेझोलिझुमॅब हे औषध हा ब्रेक सोडवतं, बेव्हासिझुमॅब हे दुसरं औषध व्हीईजीएफ अडवतं. यकृतातच सुरू झालेल्या कॅन्सरवर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीच्या पुढच्या पाहणीत या जोडीवर मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण निदान इतके तरी जगले) 19.2 महिने निघालं, सोराफेनिब या जुन्या औषधावर 13.4. जोडीवरच्या दहांतल्या साधारण तिघांची गाठ बरीच आकसली. सगळ्यांची नाही, हेही सांगायला हवं.

औषध द्यायचं की नाही, हे आज नुसत्या पेशी मोजून ठरत नाही. यकृत किती शाबूत आहे, कावीळ आहे का, पोटात पाणी आहे का, हे आधी बघतात. बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का हे एंडोस्कोपीने बघून घ्यायचं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जिथे दाखवाल तिथे हे स्वतःहून विचारा. कधी यकृत बदललं असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण ब्रेक सोडवल्यावर शरीर नवं यकृत नाकारू शकतं.

आणि बायोप्सी केलेल्या लॅबमधून मेणाचा ब्लॉक मागून घ्या. नखाएवढाच तुकडा असतो त्यात, पण पुढे डॉक्टरांना आणखी मार्कर हवे झाले आणि त्यात ऊतक उरलेलं असलं, तर त्यातूनच पातळ काप काढता येतात. बाबांना पुन्हा सुई टोचायला नको.