‘मी तिथं जाऊन करू काय?’

जोडीदाराच्या पूर्वायुष्याबद्दलच्या तक्रारी आम्हा समुपदेशकांना नव्या नाहीत. पण सांगलीत माझ्याकडे एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि ती सांगताना माणूस जरा चोरटा होतो. कुणाची बायको लग्नाआधी काही वर्षं आश्रमात राहिलेली असते, कुणाचा नवरा मिशनच्या कामासाठी दूरच्या आदिवासी भागात जाऊन आलेला असतो, तर कुणी पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून घर सोडून गेलेलं असतं. जुनं प्रेमप्रकरण असेल तर निदान भांडता येतं. सेवेवर कसं रुसायचं? चांगल्या कामाबद्दल तक्रार केली तर आपणच कोत्या मनाचे ठरतो. मग ती तक्रार वर्षानुवर्षं आतच राहते आणि भाजीत मीठ कमी पडल्याच्या निमित्तानं बाहेर येते.

अशाच एका जोडप्याची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. भाऊंचं गणपती पेठेत हळद-मसाल्याचं घाऊक दुकान. ताई विवेकानंद केंद्राच्या सेवाव्रती, म्हणजे काही वर्षं सेवेला देणाऱ्या कार्यकर्त्या म्हणून अरुणाचल प्रदेशात रोइंगला तीन वर्षं शिकवून आलेल्या. १९७० साली कन्याकुमारीचं शिलास्मारक उभं राहिलं, त्यानंतर १९७२ मध्ये एकनाथजी रानड्यांनी केंद्र सुरू केलं. अरुणाचलात केंद्राच्या शाळा १९७७ पासून आहेत. ताई तिथं गेल्या तेव्हा जेमतेम बावीस-तेवीसच्या. परत आल्या, लग्न झालं, मुलं मोठी झाली. आता तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी बोलावलं होतं आणि ताईंना भाऊंना घेऊन जायचं होतं.

भाऊ पहिल्या दिवशी म्हणाले, “मॅडम, तिकडं ही सगळ्यांची दीदी. मी तिथं जाऊन करू काय? बॅगा उचलू?”

ताईंनी लगेच उत्तर दिलं, “पंचवीस वर्षांत यांनी एकदाही विचारलं नाही की तिथं तू काय करायचीस.”

“विचारायला सवड कुठं दिलीस? तूच सांगत सुटायचीस.”

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. माणूस रागावला की मी रागापाशी फार वेळ थांबत नाही, त्यामागं कोणतं वाक्य दडलंय ते शोधते. भाऊंचं वाक्य सापडायला दोन-तीन भेटी गेल्या. ते असं निघालं: “ती तिथं जास्त सुखी होती. माझ्याशी संसार म्हणजे तडजोड.”

मी म्हटलं, “भाऊ, त्या तिथं सुखी होत्या हे त्या स्वतःच सांगतात. पण ‘म्हणून इथं नाहीत’ हे कुणी सांगितलं?”

ते गप्प बसले. मग म्हणाले, “कुणी नाही. मीच धरून चाललो.”

एवढ्यावर सगळं सुटलं असतं तर माझी गरजच नव्हती. डोक्याला पटलेलं पोटात उतरत नाही. म्हणून पुढच्या भेटीत मी विषयच बदलला. विचारलं, “भाऊ, तुमच्या आयुष्यात असे दिवस आहेत का, की तेव्हा तुम्ही नेहमीपेक्षा मोठे झालात असं वाटलं?”

त्यांनी आधी मान हलवली. मग एकदम म्हणाले, “२०१९ चा पूर.”

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. दुकानात पाणी शिरत असताना भाऊ पोती हलवायची सोडून गावभागात, सांगलीच्या जुन्या वस्तीत गेले. पोरांबरोबर बोट ओढत, छातीएवढ्या पाण्यात. जिन्यावर अडकलेल्या एका आजीनं बोटीत पाय ठेवण्याआधी देव्हाऱ्यातला गणपती भाऊंच्या हातात दिला आणि म्हणाली, “ह्याला धर, मी येते माझी माझी.” हे सांगताना भाऊंनी दोन्ही तळवे पुढे केले होते. मूर्ती अजून हातात असल्यासारखे.

मी ताईंकडे पाहिलं. पुराच्या वेळी त्या सासूबाईंना घेऊन तासगावला होत्या. त्या म्हणाल्या, “हे मला ठाऊकच नाही.” घरात पुराचा विषय निघायचा तो भिजलेल्या मालाच्या हिशोबापुरता. किती पोती गेली, विमा किती मिळाला. त्या रात्रींबद्दल ताईंनी कधी विचारलं नव्हतं, भाऊंनीही सांगितलं नव्हतं.

मी भाऊंना एकच प्रश्न केला, “त्या रात्री तुम्ही भारावून गेला होतात. म्हणजे ताई नको होत्या का तुम्हाला?”

“छे! उलट वाटत होतं, हिनं बघायला पाहिजे होतं.”

ताई हळूच म्हणाल्या, “मग मीही तेच म्हणतेय ना. म्हणून तर तुम्हाला न्यायचंय.”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. जोडीदार त्या जागेशी आपली तुलना करत राहतो, आणि तिथं राहून आलेल्याला मात्र साक्षीदार हवा असतो. माझ्या मते ह्या तक्रारीचं मूळ इथंच आहे. बहुतेक जोडपी ‘जायचं की नाही’ यावरच भांडत बसतात.

निघण्याआधी मी ताईंना एक काम दिलं: रोइंगमधलं वाईटही सांगा. मग कळलं, पहिल्या हिवाळ्यात त्या रोज रडायच्या. दुपारी साडेचारला अंधार पडायचा आणि सांगलीत आता चहा होत असेल या विचारानं जीव कासावीस व्हायचा. सहकारी शिक्षिकेशी महिनाभर अबोला होता. हे ऐकून भाऊंना बरं वाटलं. यात दुष्टपणा काही नाही. आपल्या माणसाचं गतायुष्य निव्वळ सोन्याचं असेल तर त्यात दुसऱ्यानं पाय कुठं ठेवायचा?

अशा प्रवासाला निघालेल्यांना मी आणखी काही गोष्टी सांगते. जोडीदाराला फोटो काढायच्या कामाला लावू नका. तेवढ्यानं तो दिवसभर चौकटीबाहेर राहतो. प्रत्येक भेटीला त्याला बसवून ठेवू नका, आणि एक अर्धा दिवस तिथं राहून आलेल्याला एकट्याला फिरू द्या. शिवाय जागा बदललेली असणार, हे घरातूनच गृहीत धरून निघा. ताईंच्या वेळी रोइंगच्या वाटेवर, आसामात, ढोल्याहून सदियाला नदी ओलांडायला फेरीबोट होती, गाड्यासुद्धा बोटीवरच चढायच्या. २०१७ पासून तिथं नऊ किलोमीटरचा पूल आहे. पुलावर ताईंचा चेहरा उतरला. भाऊंनी गाडी हळू घ्यायला लावली आणि विचारलं, “बोट लागायची कुठं?” ताई उरलेला पूलभर दाखवत राहिल्या. हे मला भाऊंनी सांगितलं, बऱ्यापैकी फुशारकीनं. मलाही ऐकून बरं वाटलं.

रोइंगला भाऊंची स्वतःची सोय आपोआप लागली. ताईंच्या एका विद्यार्थ्याची मोठ्या वेलचीची बाग आहे. ही वेलची भट्टीवर धुरी देऊन वाळवतात. भाऊंनी एक बोंड फोडलं, वास घेतला आणि म्हणाले, “धूर जास्त बसलाय, भाव पडेल.” मग दोघं तासभर भट्टीपाशी. ताई ओसरीवर बाकीच्यांशी गप्पा मारत होत्या आणि त्यांना, त्यांच्याच शब्दांत, “चक्क हेवा वाटला.”

दिवाळीनंतरच्या त्या प्रवासाहून आल्यावर दोघं पुन्हा भेटायला आले ते नवं भांडण घेऊन. ताईंना फेब्रुवारीत रोइंगकडच्या इदू मिश्मी जमातीच्या रेह सणाला जायचंय. सांगलीत तेव्हा नव्या हळदीचे सौदे ऐन भरात असतात, त्यामुळं भाऊंना वेलचीच्या काढणीला, ऑक्टोबरात जायचंय. मला पंच करू पाहत होते. मी नकार दिला आणि पुढच्या भेटीची तारीखही दिली नाही.