आपल्या चर्चच्या मंडळीत नवीन आलीस ना?
नुसती रविवारी उपासनेला येऊन गेलीस, तर वर्षभरानंतरही तुला कुणी ओळखणार नाही. आशीर्वचन झालं की लगेच स्कूटी काढू नकोस. दारात थोडं थांब, पाळकसाहेबांशी, म्हाताऱ्या माणसांशी बोल.

सगळ्या कमिट्यांत एकदम नाव घालू नकोस. एकच काम धर आणि ते नेमानं कर. मी तर संडेस्कूलच सांगेन. मुलं ओळखीची झाली की त्यांचे आईबाप आपणहून घरी बोलावतात.

घरोघरच्या प्रार्थनासभा मात्र चुकवू नकोस. मे महिन्यात कूलरसमोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेलो असतो. कुणी आजी गुडघ्यांसाठी प्रार्थना मागते, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. ते लक्षात ठेव आणि पुढच्या रविवारी आठवणीनं विचार, “आजी, आता कसं वाटतं?”

आपल्या सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, स्थापना इथंच नागपुरात झाली, २९ नोव्हेंबर १९७० ला, वेगवेगळ्या पंथांची सहा चर्च एकत्र येऊन. त्यामुळे कुणाच्या घरी अँग्लिकन वळण दिसेल, कुणाच्या प्रेस्बिटेरियन. त्यावरून वाद घालू नकोस, विचारून घे. जुनी माणसं फार हौसेनं सांगतात.

डिसेंबरात कॅरलची फेरी निघते. रात्री थंडी चांगलीच बोचते, स्वेटर घालून माझ्याबरोबर चल.