ईएसटीवरून वनस्पतींचे जीनोम ताडून पाहताना
ईएसटी (एक्स्प्रेस्ड सिक्वेन्स टॅग) म्हणजे संपूर्ण जनुक नव्हे, तर एमआरएनएपासून (जनुकाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएपासून) बनवलेल्या सीडीएनएचे (त्या संदेशाच्या डीएनए प्रतीचे) एकदाच वाचलेले आणि म्हणूनच चुका असलेले तुकडे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. या तुकड्यांतून व्हेक्टरचे (सीडीएनए वाहून नेण्यासाठी वापरलेल्या डीएनएचे) अवशेष काढून मगच सारख्या तुकड्यांचे गट बांधावेत. गव्हासारख्या षट्‌गुणित (गुणसूत्रांचे सहा संच असलेल्या) पिकात ए, बी आणि डी या उपजीनोमांतील (वेगवेगळ्या पूर्वज प्रजातींकडून आलेल्या जीनोमांतील) जवळजवळ सारख्या प्रती एकाच गटात मिसळतात, त्यामुळे तेथे साम्याची अट कडक ठेवावी. मी येथे घाई केल्याने अनेक आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. भात आणि अरॅबिडॉप्सिस (संशोधनात वापरले जाणारे मोहरीच्या कुळातील लहान रोप) यांसारख्या दूरच्या प्रजातींसाठी प्रथिनांचे क्रम ताडावेत. ईएसटी सापडला नाही, म्हणून ते जनुकच त्या वनस्पतीत नाही असे कधीही लिहू नये, कारण ते निवडलेल्या ऊतीत त्या वेळी व्यक्त झाले नसण्याची, म्हणजे त्याचा एमआरएनए बनला नसण्याची, शक्यता नेहमीच असते.