वाचकांचे प्रश्न : पानगळीतील पदभ्रमण आणि संध्याकाळचे उष्णोदक

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. दिवसा चार-पाच तास डोंगरवाटांवर चालायचे आणि संध्याकाळी स्पा असलेल्या हॉटेलात विसावायचे, अशी आठवडाभराची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आल्प्स परिसरात घालवावी असे मनात आहे. ऑक्टोबर हा उशीर तर ठरणार नाही ना? तसेच रोज नव्या हॉटेलात मुक्काम करावा की एकाच ठिकाणी राहावे?

उत्तर : उशीर मुळीच होणार नाही, मात्र ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा हे जवळजवळ दोन वेगळे ऋतू आहेत, हे लक्षात घेऊनच तारखा ठरवाव्यात. सप्टेंबर संपताना तेथे दिवस सुमारे 12 तासांचा असतो, तो ऑक्टोबरअखेर जेमतेम 10 तासांवर येतो. शिवाय महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जात असल्यामुळे त्या दिवसापासून अंधार एकदम तासभर आधी पडल्यासारखा होतो. म्हणून वाट निवडताना अंतराइतकाच उजेडाचा हिशेब महत्त्वाचा. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला साधा नियम आजही उपयोगी पडतो : दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने 600 मीटर चढ असलेली 10 किलोमीटरची वाट तीन तासांची होते. पण त्यात विश्रांती, छायाचित्रे आणि दमछाक धरलेली नसते. तुम्ही त्यात निम्म्याची भर घालावी आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामी परतता येईल अशीच वाट निवडावी.

उंचीनुसार तापमान 100 मीटरला साधारण 0.65 अंशाने उतरते. म्हणजे 600 मीटर उंचीवरील गावात 12 अंश असतील, तर 2000 मीटरवर तीनच्या आसपास अपेक्षित धरावेत. मात्र याच मोसमात अनेकदा नेमके उलटे घडते. थंड हवा दरीत साचून तेथे दिवसभर धुके कोंडते आणि वर लख्ख ऊन पडलेले असते. खिडकीबाहेर काहीच दिसत नाही म्हणून दिवस वाया गेला असे समजून खोलीत बसून राहू नये. डोंगरमाथ्यावरील कॅमेऱ्यांची ताजी दृश्ये आधी पाहावीत. याउलट, आकाश निरभ्र असले तरी उत्तरेकडील उतारावरच्या सावलीतल्या वाटांवर गोठलेले दव दुपारपर्यंत टिकते आणि तेथे पाय घसरतो.

सर्वांत मोठी अडचण हवामानाची नव्हे, तर बंद होण्याच्या तारखांची असते. उंचावरील बहुतेक निवारे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतात, आणि त्यानंतर स्कीइंगचा मोसम सुरू होईपर्यंत कित्येक केबल कार व डोंगरावरची हॉटेलेही विश्रांती घेतात. त्यामुळे आधी केबल कारच्या शेवटच्या दिवसाची खात्री करावी आणि मगच हॉटेलचे आरक्षण करावे. महिन्याच्या उत्तरार्धात जायचे असेल, तर वर्षभर जागे असणारे, कमी उंचीवरचे स्नानगाव उत्तम. इटलीच्या दक्षिण टिरोलमधील मेरानो हे माझे आवडते उदाहरण आहे. तेथे जुन्या सिंचन पाटांच्या कडेने जाणाऱ्या वाटा आहेत. पाणी सावकाश वाहावे म्हणून पाटाला उतार अगदी कमी दिलेला असतो, तोच मंद उतार वाटेलाही मिळतो आणि गुडघ्यांना फारसा त्रास होत नाही. सूचिपर्णी असूनही पानगळ होणारे लार्च वृक्ष उंच उतारांवर सोनेरी होतात, तेही साधारण याच सुमारास.

मुक्कामाबाबत माझे मत स्पष्ट आहे : एकाच हॉटेलात, फार तर दोन ठिकाणी तीन-चार रात्री राहावे. रोज मुक्काम बदलला की पावसाच्या दिवशीही पुढचे गाव गाठावेच लागते, ओले बूट वाळत नाहीत, आणि ज्या स्नानासाठी हे हॉटेल निवडले त्याला घाईघाईचा अर्धा तास मिळतो.

प्रश्न : दिवसभर चालून आल्यावर थेट सौनात जावे का? त्यामुळे पायांचे दुखणे टळते असे ऐकले आहे.

उत्तर : थेट जाऊ नये. चालून आलेल्या शरीरातील पाणी कमी झालेले असते. सौनातील 80 ते 90 अंशांच्या कोरड्या उष्णतेत रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते. परतल्यावर पाणी प्यावे, थोडे खावे, तासभर पडून राहावे, मग आत जावे. एका वेळी आठ-दहा मिनिटे पुरेशी असतात. त्यानंतर मोकळ्या हवेत किंवा गार पाण्याने अंग निववून निवांत पडावे. त्या दिवशी मद्य टाळावे. फार दमणूक झालेल्या दिवशी सौना सोडून कोमट पाण्याचे कुंडच बरे. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पायाला फुटलेले फोड असतील, तर सार्वजनिक कुंडात उतरू नये.

दुखणे टळते, ही समजूत मात्र खरी नाही. मांडीचे स्नायू दुखतात ते मुख्यतः उतारामुळे, कारण उतरताना ते ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलत असतात. ही ठणक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. गरम पाण्याने आराम वाटतो, आणि तो खराच असतो. पण स्नायूंची झीज त्याने थांबत नाही. खरा उपाय आखणीत आहे : पहिल्या दिवशी मोठा उतार नको, शक्य तेथे पायी चढून केबल कारने उतरावे, उतरताना दोन्ही हातांत काठ्या असाव्यात आणि तिसरा दिवस हलका ठेवावा.

जाता जाता एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात सौनाच्या भागात बहुधा पोहण्याचा पोशाख चालत नाही, स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि अंगाखाली टॉवेल अंथरणे सक्तीचे असते. संकोच वाटणार असेल, तर आरक्षणापूर्वीच हॉटेलला विचारून घ्यावे. काही ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळा सौना असतो.

प्रश्न : पायी भटकंती आणि स्पा यांची ही सांगड हॉटेल व्यवसायाने अलीकडे घातलेली आहे का?

उत्तर : नाही, ती बरीच जुनी आहे. म्युनिकचे वैद्य माक्स योझेफ एर्टेल यांनी 1880 च्या दशकात हृदय व रक्ताभिसरणाच्या रुग्णांसाठी हळूहळू वाढत जाणाऱ्या चढाच्या वाटांवर चालण्याचा उपचार मांडला. रुग्णाला अंथरुणावर ठेवण्याकडे कल असलेल्या त्या काळात हे धाडसाचेच होते. त्यांनी या उपचारासाठी सुचवलेल्या ठिकाणांत मेरानोही होते. 2021 मध्ये युनेस्कोने युरोपातील 11 स्नाननगरांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत बाडेन-बाडेन, कार्लोवी व्हारी, बाथ यांचा समावेश आहे. ही नगरे पाहताना स्नानगृहांपाशीच थांबू नये. झऱ्यांभोवतीची उद्याने, सावलीचे रस्ते आणि थेट जंगलात शिरणाऱ्या पायवाटा हाही तेथील उपचाराचाच भाग होता. बाडेन-बाडेनला गेलात, तर गावाभोवतीच्या टेकड्यांवरून जाणाऱ्या पॅनोरमा वाटेचा एक टप्पा सकाळी चालावा आणि 1877 मध्ये सुरू झालेल्या फ्रीडरिशबाड या स्नानगृहात दुपारनंतर जावे.